फोटोतली जागा पुन्हा सापडत नाही: बॅरिअर आयलंडवरची निसर्ग आणि वन्यजीव फोटोग्राफी

१७ डिसेंबर १९०३, सकाळचे १० वाजून ३५ मिनिटं. राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा जमिनीवरून उचललं गेलं त्या क्षणाचा फोटो तुम्ही शाळेच्या पुस्तकात नक्की पाहिला असेल. विमान जेमतेम हवेत आहे, ऑर्व्हिल आडवे झोपून ते चालवत आहेत आणि बाजूला विल्बर उभे आहेत. खाली सगळीकडे उघडी वाळू.

हा फोटो काढणाऱ्या माणसाचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. ते होते जॉन टी. डॅनियल्स. फुटलेल्या जहाजांवरच्या लोकांना वाचवणाऱ्या किनाऱ्यावरच्या पथकात ते काम करायचे. त्याआधी त्यांनी कधी फोटो काढलेला नव्हता. ऑर्व्हिल यांनी कॅमेरा स्टँडवर लावून, नेम धरून ठेवला होता. विमान उठलं की रबरी फुगा दाबायचा, एवढंच काम डॅनियल्स यांच्याकडे होतं. उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं झालं. डॅनियल्स इतके भारावून गेले होते की आपण फुगा दाबला की नाही, हेच त्यांना नंतर आठवेना. काच डेव्हलप झाल्यावरच ते कळलं.

ही जागा म्हणजे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली किल डेव्हिल हिल्स. ती आहे 'आउटर बँक्स' नावाच्या बेटांच्या माळेत आणि ही सगळी माळ वाळूची आहे. ज्या टेकडीवरून राइट बंधूंनी ग्लायडरचे प्रयोग केले, ती टेकडीही वाऱ्याबरोबर सरकत होती. पुढे तिथं स्मारक बांधायचं ठरलं, तेव्हा आधी तिच्यावर गवत लावून तिला एका जागी थांबवावं लागलं. मगच १९३२ मध्ये स्मारकाचं लोकार्पण झालं.

जगभरातले फोटोग्राफर आजही आउटर बँक्सला येतात. कुणी दीपगृहासाठी, कुणी रानघोड्यांसाठी, तर कुणी पक्ष्यांसाठी. पण इथं फोटो काढणं आणि डोंगरात किंवा जंगलात फोटो काढणं यात मोठा फरक आहे. तो समजून घ्यायचा तर आधी ही बेटं काय प्रकरण आहे ते पाहायला हवं.

बॅरिअर आयलंड म्हणजे नेमकं काय?

मुख्य किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, किनाऱ्याला समांतर पसरलेलं वाळूचं लांबट आणि अरुंद बेट म्हणजे बॅरिअर आयलंड. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ खाजण आणि खाऱ्या पाण्याची दलदल. वादळाच्या लाटा आधी या बेटावर आदळतात आणि मागची जमीन वाचते. म्हणून नाव 'बॅरिअर', म्हणजे अडसर.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहचित्रांवरून जगात अशी २,१४९ बेटं मोजण्यात आली. त्यातली सर्वाधिक, ४०५, एकट्या अमेरिकेत आहेत.

कोकणातल्या वाचकांना हे चित्र अगदीच परकं वाटणार नाही. मालवण तालुक्यातलं देवबाग आठवा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. देवबाग हे बेट नाही, जमिनीला जोडलेला वाळूचा दांडा आहे. पण समुद्र वाळू आणतो आणि नेतो, ही तिथल्या लोकांची रोजची काळजी आउटर बँक्सच्या रहिवाशांनाही लगेच कळेल. ओडिशातलं चिल्का सरोवरही अशाच वाळूच्या पट्टीने बंगालच्या उपसागरापासून वेगळं झालं आहे.

या बेटांची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती चालतात. मोठ्या वादळात लाटा बेटावरून पलीकडे जातात आणि समुद्राकडची वाळू उचलून खाजणाच्या बाजूला नेऊन टाकतात. पुढची बाजू झिजते, मागची वाढते. रणगाड्याचा पट्टा स्वतःवरच फिरत पुढे जातो, तसं बेट हळूहळू मुख्य जमिनीकडे सरकतं. याचा पुरावा कधीकधी पायाखालीच सापडतो. वादळानंतर समुद्राच्या बाजूच्या पुळणीवर काळ्या चिखलाचे थर किंवा जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडतात. हा चिखल एकेकाळी बेटाच्या मागच्या बाजूच्या दलदलीतला होता. चिखल जागेवरच राहिला, बेट त्याच्यावरून पुढे निघून गेलं.

फोटोग्राफरच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. सह्याद्रीतल्या एखाद्या सुळक्याचा तुमच्या आजोबांनी काढलेला फोटो घेऊन गेलात, तर ती जागा तुम्हाला बहुतेक सापडेल. इथं त्याची खात्री नाही.

वाळूची टेकडी आणि सरकलेलं दीपगृह

किल डेव्हिल हिल्सच्या दक्षिणेला काही मैलांवर जॉकीज रिज ही वाळूची प्रचंड टेकडी आहे. उंची साधारण ८० ते १०० फूट. आकडा नक्की नाही, कारण वारा तो बदलत राहतो. या टेकडीने आपल्या वाटेतलं एक मिनी गोल्फचं मैदान गिळलं. तिथल्या खोट्या किल्ल्याचा कळस अधूनमधून वाळूतून वर येतो आणि पुन्हा गडप होतो. तो दिसतोय असं कळलं की कॅमेरे घेऊन लोक धावतात. १९७३ मध्ये याच टेकडीवर बांधकामासाठी बुलडोझर आला, तेव्हा कॅरोलिस्टा बॉम नावाची स्थानिक महिला त्याच्यापुढे उभी राहिली. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये तिथं राज्य उद्यान झालं. आज टेकडीवरून सूर्यास्ताचे जे असंख्य फोटो निघतात, त्यांचं थोडं श्रेय त्या बाईंना द्यायला हरकत नाही.

पण आउटर बँक्सचा सगळ्यात जास्त फोटो काढला जाणारा विषय म्हणजे केप हॅटरसचं दीपगृह. काळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचं हे दीपगृह १८७० मध्ये बांधून झालं. विटांचं दीपगृह म्हणून ते अमेरिकेतलं सर्वात उंच. बांधलं तेव्हा समुद्र १,५०० फुटांवर होता. १९७० पर्यंत तो १२० फुटांवर आला.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वाचवण्यासाठी समिती झाली. तिच्या पुढाऱ्यांमध्ये ह्यू मॉर्टन होते. मॉर्टन हे नॉर्थ कॅरोलिनातले नावाजलेले फोटोग्राफर. पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी राज्याचे डोंगर, किनारे आणि माणसं टिपली. त्यांचा संग्रह आता नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडे आहे. समितीचा भर दीपगृह आहे तिथंच ठेवून वाळू अडवण्यावर होता. शेवटी मात्र समुद्राशी झुंजण्यापेक्षा मागे सरणं शहाणपणाचं, हे मत जिंकलं. १९९९ च्या उन्हाळ्यात सुमारे ४,८०० टनांचं ते दीपगृह अखंड उचलून, रुळांवरून २,९०० फूट आत नेण्यात आलं. प्रत्यक्ष प्रवासाला २३ दिवस लागले.

जुन्या जागी पायाचे दगड वर्तुळात मांडून ठेवले होते आणि त्यांवर दीपगृहाच्या रखवालदारांची नावं कोरली होती. फोटोसाठी ही जागा छान झाली, पण वाळू ते दगड वारंवार पुरत राहिली. शेवटी २०१५ मध्ये दगडही आत हलवावे लागले. एखाद्या जागेचे वर्षानुवर्षं फोटो काढून तुलना करायची असेल, तर चौकटीत एक न हलणारी खूण लागते. इथं दीपगृहच हललं.

एका उन्हाळ्याचं बेट

२०१७ च्या वसंतात केप हॅटरसच्या टोकासमोर समुद्रात वाळूचा नवा पट्टा वर आला आणि उन्हाळ्यापर्यंत तो जवळपास मैलभर लांब झाला. शंख-शिंपल्यांचा खच पडलेला, म्हणून एका लहान मुलाने त्याला 'शेली आयलंड' म्हटलं आणि तेच नाव पडलं. ड्रोनमधून काढलेला त्याचा एक फोटो समाजमाध्यमांवर पसरला आणि गर्दी सुरू झाली. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांतही ते स्पष्ट दिसत होतं. मधल्या पाण्याला जोरदार ओढ होती. त्यामुळे पोहत किंवा चालत जाऊ नका, असं अधिकाऱ्यांना सांगावं लागलं.

त्याच वर्षीच्या वादळांनी बेटाचे लचके तोडले आणि २०१८ सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत तोच ते नकाशावरून जवळपास नाहीसं झालं. आता त्याचा पुरावा म्हणून उरलेत ते फोटोच.

एकच रस्ता, दोन समुद्र

या बेटांवरचा प्रकाश ही स्वतंत्र मौज आहे. बेट काही ठिकाणी इतकं अरुंद आहे की सकाळी समुद्राच्या बाजूने सूर्योदय टिपायचा आणि संध्याकाळी रस्ता ओलांडून खाजणाच्या बाजूने पाण्यात बुडणारा सूर्य टिपायचा, हे एकाच मुक्कामात सहज जमतं. आपल्या कोकणात समुद्रावरचा सूर्यास्त मिळतो, पण समुद्रातून उगवणारा सूर्य मिळत नाही. इथं दोन्ही मिळतात. पुळणीवर लाटा, वालुकागिरी आणि वाऱ्यात झुकलेलं गवत. खाजणाकडे आरशासारखं पाणी, दलदलीतली वळणदार ओहळं आणि बगळे.

पांढरट वाळू कॅमेऱ्याला फसवते. चौकटीत खूप उजळ भाग दिसला की कॅमेरा आपणहून प्रकाश कमी करतो आणि वाळू करडी, मळकी येते. म्हणून एक्स्पोजर साधारण अर्धा ते एक स्टॉप वाढवावं लागतं. ओल्या वाळूत स्टँडचे पाय लाटेगणिक खचतात, त्यामुळे लांब शटरचे फोटो हलतात. पाय आधीच दाबून खोल रोवणे हा त्यावरचा साधा उपाय. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हवेतला खारा तुषार. लेन्सवर त्याचा थर कधी चढला ते कळतही नाही. तो कोरड्या कापडाने पुसला तर त्यातली वाळू काचेवर ओरखडे काढते. आधी फुंकणीने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्यात किंचित ओलावलेलं कापड फिरवायचं. आणि वाऱ्यात लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.

ऋतूही महत्त्वाचा आहे. बहुतेक पर्यटक उन्हाळ्यात येतात, पण पी आयलंड या १९३८ पासून संरक्षित असलेल्या पक्षी-क्षेत्रात खरी धमाल हिवाळ्यात असते. उत्तर ध्रुवाकडून आलेले टुंड्रा स्वान आणि पांढरेशुभ्र स्नो गूज तेव्हा तिथल्या तळ्यांत उतरतात. शिवाय हिवाळ्यात डास नसतात. उन्हाळ्यात दलदलीच्या बाजूला सूर्यास्ताची वाट पाहत उभं राहिलेल्या कुणालाही या वाक्याचं मोल विचारा.

रानघोडे: चांगल्या फोटोला किती जवळ जावं लागतं?

आउटर बँक्सच्या उत्तर टोकाला कोरोला गावापाशी डांबरी रस्ता संपतो आणि पुढे गाड्या थेट वाळूवरून चालतात. त्या भागात सुमारे १०० रानघोडे फिरतात. स्पॅनिश वसाहतकाळातल्या घोड्यांचे ते वंशज मानले जातात. आणखी उत्तरेला, मेरीलँड आणि व्हर्जिनिया राज्यांत मिळून असलेल्या असाटीग या ६० किलोमीटर लांबीच्या बॅरिअर आयलंडवरही असे घोडे आहेत. फुटलेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आलेले घोडे, ही दंतकथा तिथं सगळे सांगतात. सतराव्या शतकात कर आणि कुंपणाचे नियम चुकवायला लोकांनी आपली जनावरं बेटावर नेऊन सोडली, हा दुसरा खुलासा कमी रोमांचक आहे, पण जास्त पटण्यासारखा आहे.

लाटांच्या कडेने चालणारा घोडा, मागे वालुकागिरी, वर सकाळचा प्रकाश. हा फोटो प्रत्येकाला हवा असतो आणि घोटाळा इथूनच सुरू होतो.

कोरोलात घोड्यापासून किमान ५० फूट, म्हणजे साधारण १५ मीटर दूर राहावं लागतं. असाटीगवर ही मर्यादा ४० फूट आहे. अनेकांना वाटतं, एवढ्या लांबून काय फोटो मिळणार? हिशोब करून पाहा. पूर्ण वाढलेला घोडा लांबीला साधारण दोन-सव्वादोन मीटर असतो. १५ मीटरवरून फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरची लेन्स लावली की तो चौकटीची रुंदी जवळपास भरून टाकतो. म्हणजे नेहमीची ७०-३०० लेन्स पुरते. उलट घोड्याबरोबर समुद्र आणि आकाशही हवं असेल, तर मागेच सरकावं लागतं. नियम मोडल्याशिवाय फोटो मिळत नाही, ही तक्रार घोड्यांच्या बाबतीत तरी खरी नाही.

अडचण मोबाईलवाल्यांची आहे. मोबाईलच्या रुंद लेन्समध्ये १५ मीटरवरचा घोडा छोटासा दिसतो. मग लोक पुढे सरकतात, सेल्फीसाठी पाठ करतात आणि घोडा हलावा म्हणून खायला देतात. खारट गवतावर वाढलेल्या या घोड्यांच्या पोटाला सफरचंद, गाजर चालत नाही. जुलै २०२० मध्ये कोरोलात एका शिंगराचा सफरचंद घशात अडकून मृत्यू झाला. माणसाच्या हातून खायची सवय लागलेला घोडा रस्त्याकडे येतो, आणि असाटीगवर गाड्यांच्या धडकेत घोडे मेले आहेत. काही घोड्यांना कायमचं कळपातून काढून न्यावं लागतं.

फोटोंच्या ओळींमध्ये असाटीगच्या घोड्यांना 'गाभण' म्हटलेलं अनेकदा दिसतं. बऱ्याचदा ते चूक असतं. खारट चाऱ्यामुळे हे घोडे पाणी खूप पितात आणि त्यांचं पोट फुगल्यासारखं दिसतं. नरांचंसुद्धा.

पक्षी: इथं हिशोब उलटा होतो

घोडा मोठा आहे. पायपिंग प्लोव्हर हा वाळूच्याच रंगाचा छोटा चिखल्या पक्षी जेमतेम १७-१८ सेंटिमीटरचा. ५० मीटरवरून ६०० मिलिमीटरची महागडी लेन्स लावली तरी तो चौकटीच्या रुंदीत अठराव्या भागाएवढाच येतो. म्हणजे जवळ जाण्याचा मोह खरा आहे.

या पक्ष्याचं घरटं म्हणजे उघड्या वाळूतला एक खळगा, त्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी. माणसाला ती दिसत नाहीत, पाय पडेपर्यंतसुद्धा. वादळाने नुकतीच धुऊन सपाट केलेली वाळू त्याला सगळ्यात जास्त आवडते, म्हणजे बेट चालतं म्हणूनच त्याला घर मिळतं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हा पक्षी १९८६ पासून कायद्याने संरक्षित आहे. तेव्हा तिथं सुमारे ७९० जोड्या उरल्या होत्या. अनेक वर्षांच्या राखणीनंतर तो आकडा २,००० च्या वर गेला आहे. राखण म्हणजे काय, तर मुख्यतः घरट्यांभोवती खांब, दोरी आणि पाट्या. काही पुळणी विणीच्या हंगामात माणसांना आणि गाड्यांना पूर्ण बंद असतात. यावरून केप हॅटरसमध्ये मासे धरायला गाड्या घेऊन जाणारे स्थानिक आणि पक्षीप्रेमी यांच्यात वर्षानुवर्षं वाद झाला. रोजगार पर्यटनावर चालतो त्यांचा रागही समजण्यासारखा होता.

फोटोग्राफर जवळ गेला की नेमकं काय होतं? पालक पक्षी अंड्यांवरून उठतो. भर उन्हात थोडा वेळ जरी अंडी उघडी राहिली, तरी ती तापतात. कावळे आणि कुरव पक्षी पाहतच असतात. पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांत चालू लागतात आणि स्वतःचं खाणं स्वतः शोधतात. त्यासाठी त्यांना पाण्याच्या कडेला पोचावं लागतं. तिथंच कुणी स्टँड लावून तासभर बसलं, तर पिल्लांचा तासभर उपास.

आणखी एक फसवी गोष्ट. धोका जाणवला की पालक पक्षी पंख मोडल्यासारखा करून लंगडत दूर जातो, म्हणजे शिकारी त्याच्या मागे लागेल आणि पिल्लांपासून लांब जाईल. कॅमेऱ्यात हे फार नाट्यमय दिसतं. पण असा फोटो मिळाला, तर त्याचा अर्थ एकच: तुम्ही नको तितके जवळ आहात.

मग चांगले फोटो निघतात कसे? अनुभवी लोक पक्ष्याकडे जातच नाहीत. दोरीच्या बाहेर, पक्षी ज्या दिशेने चरत येतोय त्याच्या पुढे बऱ्याच अंतरावर, ओल्या वाळूत पोटावर आडवे होतात आणि थांबतात. कॅमेरा जमिनीलगत ठेवतात, बऱ्याचदा तव्यासारख्या एखाद्या थाळीवर, म्हणजे तो वाळूवरून सरकवता येतो. आडव्या, न हलणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरचे पक्षी कमी घाबरतात. कधीकधी चरत चरत ते आपणच लेन्सच्या अगदी समोर येतात. शिवाय डोळ्याच्या पातळीवरून घेतल्यामुळे मागची वाळू आणि समुद्र धूसर होऊन पक्षी उठून दिसतो. अर्धा दिवस, भिजलेले कपडे आणि कधी एकही फोटो नाही, ही त्याची किंमत.

ड्रोनचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत आणि किनाऱ्यांवर २०१४ पासून ड्रोन उडवायला बंदी आहे. कारण काय, हे मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या किनारी राखीव क्षेत्रात दिसलं. एक ड्रोन घरट्यांच्या वस्तीत कोसळला आणि सुमारे ३,००० सुरय पक्षी अंडी सोडून उडून गेले. ते परतले नाहीत.

रात्रीचे नियमही असेच आहेत. आउटर बँक्सच्या दक्षिण टोकाचा केप लुकआउट हा राष्ट्रीय किनारा २०२१ पासून 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यताप्राप्त आहे. आकाशगंगा टिपायला ही जागा उत्तम. पण उन्हाळ्याच्या रात्री त्याच पुळणीवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. फ्लॅश किंवा पांढरी बॅटरी दिसली की मादी अंडी न घालताच परत फिरू शकते आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. रत्नागिरीतल्या वेळासला कासवं पाहायला गेलेल्यांना 'फ्लॅश बंद' ही सूचना पाठ असेल. नियम तोच, कारणही तेच.

सुट्टीचे फोटो पुरावा कसे होतात?

१९५० च्या दशकापासून आउटर बँक्सच्या पर्यटन खात्यासाठी एकॉक ब्राउन नावाचे गृहस्थ फोटो काढत होते. समुद्रस्नान करणाऱ्या तरुणी, मोठाले मासे धरलेले पाहुणे, रुंद पुळणी. ते देशभरातल्या वर्तमानपत्रांना पाठवायचे आणि लोकांना इकडे बोलवायचे. मोहीम जोरदार यशस्वी झाली. लोक आले, आणि समुद्राच्या अगदी कडेला घरं बांधली गेली.

त्याचं पुढं काय झालं, ते १० मे २०२२ ला जगाने मोबाईलवर पाहिलं. रोडान्थे गावात खांबांवर उभं असलेलं एक दुमजली घर अलगद समुद्रात बसलं आणि लाटांवर तरंगत निघालं. त्या दिवशी तिथं दोन घरं पडली. २०२० पासून रोडान्थे आणि शेजारच्या बक्स्टनमध्ये मिळून वीसहून अधिक घरं अशी गेली आहेत. खिळे, लाकूड आणि सांडपाण्याच्या टाक्यांचा कचरा मैलोन्‌मैल पसरतो, कासवं आणि पक्षी ज्या पुळणीवर येतात त्याच पुळणीवर. 'नाइट्स इन रोडान्थे' या २००८ च्या हॉलिवूडपटातलं घर मात्र वाचलं, कारण मालकांनी २०१० मध्ये ते उचलून आत नेलं.

ब्राउन यांचे फोटो आता मँटिओ इथल्या आउटर बँक्स हिस्टरी सेंटरमध्ये जपून ठेवले आहेत. जाहिरातीसाठी काढलेल्या त्या चौकटीत मागे दिसणारी पुळण तेव्हा किती रुंद होती, हे आज त्यातल्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा जास्त कामाचं आहे.

अशी तुलना आता पद्धतशीरपणे होते. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था मोठ्या वादळाच्या आधी आणि नंतर किनाऱ्याचे तिरपे हवाई फोटो घेते. लुइझियानासमोरच्या शँडेलूर या बॅरिअर बेटांचं जवळपास ८५ टक्के क्षेत्र २००५ च्या कट्रीना वादळात गेलं. ते किती भयानक होतं, हे आकड्यापेक्षा शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन फोटोंनी लोकांना जास्त समजलं.

सामान्य माणसाच्या फोटोचाही यात उपयोग होतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत 'कोस्टस्नॅप' हा उपक्रम सुरू झाला. समुद्राकाठी एका खांबावर मोबाईल ठेवायची पोलादी खोबण बसवलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्याने फोन त्यात ठेवायचा, फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. कोन प्रत्येक वेळी तोच असल्यामुळे संगणक त्यातून किनाऱ्याची रेषा मोजतो. आता हे खांब अनेक देशांत आहेत.

खांब नसेल तिथंही फोटो कामी येऊ शकतो, पण त्यासाठी तारीख आणि वेळ बरोबर हवी, कारण वेळेवरूनच भरती होती की ओहोटी ते काढता येतं. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवून अमेरिकेत काढलेला फोटो इथं निरुपयोगी ठरतो. दुसरी गरज म्हणजे चौकटीत एखादी पक्की खूण: रस्त्याचा खांब, इमारतीचा कोपरा, जेटी. बहुतेक फोटोग्राफर नेमकी तीच गोष्ट 'फोटो खराब करते' म्हणून कापून टाकतात.